उन्हात घातलेला सिनेमा

"चाळीस वर्सं तंबाखू सांभाळली, आनि आता म्हातारपणी डबडी वाळवत बसायचं!"

आवाज इतका जवळून आला की प्रशिकनं कैरी चावायची थांबवली. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागं तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि परशरामअण्णांच्या चपला त्यांच्या नाकापासून जेमतेम हातभर लांब होत्या.

"वास तर बघा मेल्यांचा! हात लावला की गुळागत चिकटतंय. ओल धरलीया, दुसरं काय? चार दिस कडक ऊन दिलं की बरोबर सुटतंय. भरमा! ए भरमा, लगू बारो! बिगीबिगी ये!"

चपला फटफटत दाराकडं गेल्या. प्रशिकनं उरलेली कैरी एका घासात संपवली.

प्रशिक आणि त्याची मोठी बहीण उपासना बेळगावची. उन्हाळ्याच्या सुट्टीत निपाणीला आज्जीकडं आलेली. तिसरा समर्थ, तो निपाणीचाच. ही वखार त्याच्या आजोबांची, मारुतीरावआप्पांची. वखारीत आता तंबाखू उरली नव्हती. तिचं मंगल कार्यालय होणार होतं, आणि वखारीचे जुने दिवाणजी परशरामअण्णा रोज एकेक खोली रिकामी करत होते. पण भिंती अजून दीड हात जाड होत्या. मीठ-तिखट लावून कैरी खायला अख्ख्या गावात एवढी थंडगार जागा दुसरी नव्हती. फक्त अधूनमधून शिंकावं लागायचं.

"कसली डबडी रे?" उपासना कुजबुजली.

"बघूया की! अण्णा आता भरमाला शिव्या देऊनच परत येतील. पाच मिनिटं तरी आहेत."

आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी सात गोल, चपटे, गंजलेले डबे एकावर एक ठेवले होते. एकाचं झाकण अर्धवट उघडलेलं. समर्थनं ते सरकवलं आणि तिघांनीही नाकं धरली.

"शी! कुणाचे मोजे आहेत?"

मोजे नव्हते. पट्टी होती, गुंडाळलेली, तपकिरी, चमकदार. उपासनानं मोकळं टोक दोन बोटांत धरून झरोक्याच्या उजेडाकडं केलं.

"एकाच बाईचे एवढे फोटो?" प्रशिक म्हणाला. "हिला दुसरी साडी नव्हती का?"

"येड्या, सिनेमा आहे हा! जुना, पट्टीवरचा. आणि ही कडेची रेघ बघ. करवतीचे दात काढल्यासारखी."

समर्थ मात्र झाकणावरची धूळ पुसत होता. पांढऱ्या रंगात अक्षरं होती : 'र. शे. – ४'.

"आयला!" तो ओरडला आणि स्वतःच स्वतःचं तोंड दाबलं. "रत्नप्रभेचा शेला! आमच्या सोप्यात भिंतीवर जाहिरात लावलीय ना, तो! माझ्या पणजोबांनी काढलेला बोलपट. आप्पा सांगतात, नव्वद वर्षांमागं दोन आठवडे चालला आणि मग कायमचा हरवला."

"हरवला कुठं?" उपासना म्हणाली. "नव्वद वर्षं तुमच्याच वखारीत बसून आहे!"

तिनं मोबाईलवर भराभर चार फोटो काढले. चपला परत फटफटत आल्या तेव्हा पोत्यांमागं कुणी नव्हतं. फक्त कैरीची एक कोय होती.

०

तानुबाईआज्जीचे गुडघे गेले होते, पण बोटं गेली नव्हती. एकोणऐंशीव्या वर्षीही मांडीवर सूप घेऊन थोड्या विड्या वळल्याशिवाय तिला करमत नसे. उपासनानं सिनेमाचं नाव सांगितलं आणि ती बोटं पानावरच थांबली.

"घावला?" आज्जी म्हणाली. "कुठं घावला?"

"म्हणजे तुला माहितीय?"

"माझ्या आईचा हाय त्यो."

"पणजी हिरॉइन होती?" प्रशिक उडालाच.

"न्हाय रं बाबा. हिरॉइन येगळी. मिस चंपावती. कोल्हापुरास्नं आणलेली, गोरीपान. शिनेमा काढला वखारीत. भिंती जाड, भायला आवाज आत यीत न्हाय म्हणून. पण तंबाखूचा खकाणा कुठं जाणार? तोंड उघडलं की शिंक! राजा शिंकतोय, परधान शिंकतोय, शाप द्याला आलेला ऋषी तर चार डाव शिंकला. आनि बाई गायाला लागल्या की, 'सख्या हरी... आक्‌छी!'"

तिघंही लोळायला लागली.

"आमची आई, हौसाबाई, तितंच तंबाखू निवडायची. सोळा वर्साची पोर. तिला शिंक यायची न्हाय, सवय हुती. काम करता करता गायची. कुणीतरी आयकलं आनि तिला कनातीमागं हुबी केली. म्होरं बाईंनी तोंड हालवायचं, मागनं आईनं गायाचं. पाऊस बी आईनंच पाडलाता! सुपात जोंधळं घ्यायची आनि पत्र्यावर वतायची. खरा पाऊस झक मारंल असा आवाज."

"पण आज्जी," उपासनानं विचारलं, "ती शिंकत नव्हती आणि गाणंही तिचंच, तर तिलाच पुढं उभी करायची ना! मागं का?"

आज्जीनं सूप खाली ठेवलं. "ताक प्या. तापतंय."

"आज्जी—"

"व्हय गं, पी म्हटलं की."

ताक पिऊन झालं. मग तिनं, कुणी न विचारताच, हळू आवाजात सांगितलं, "मी काय आयकलंय तिचं? खोकला. मला कळाय लागलं तवर तंबाखूनं गळा खाऊन टाकलाता. गल्लीत सांगितलं, माझ्या आईनं शिनेमात गायलंय, तर समदी हसली. मग सोडलं सांगायचं." तिनं एक पान उचललं, परत ठेवलं. "एक डाव ऐकाय मिळालं असतं तर बरं झालं असतं. एवढंच."

उपासनानं लगेच ते फोटो सुविधामावशीला पाठवले. सुविधामावशी म्हणजे आईची बोरगावची मैत्रीण. पुण्याला जुन्या फिल्मा दुरुस्त करायच्या एका संस्थेत कामाला होती, आणि फोन उचलत नाही म्हणून आईची तिच्याशी कायम भांडणं व्हायची. आज मात्र चौथ्या मिनिटाला तिचाच फोन आला.

"उपासना! हे डबे आत्ता कुठं आहेत?"

"वखारीत. परशरामअण्णांनी उन्हात वाळत घातले असतील."

"काय घातले असतील?"

"वाळत. ओल धरलीय म्हणून."

पलीकडं खुर्ची पडल्याचा आवाज आला. "ऐक! ती जुनी फिल्म आहे. फटाक्याच्या दारूची सख्खी बहीण! बिघडलेली असली तर नुसत्या उन्हानं पेटू शकते. पेटली की पाण्यानंही विझत नाही. मोठ्या माणसांना सांग, अलगद आत सावलीत ठेवा म्हणावं. जवळपास विडी-काडी नको! आणि तुम्ही पोरं हात लावायचा नाही. कळलं?"

आज्जीनं सगळं ऐकलं होतं. ती उठायला गेली, गुडघ्यानं दगा दिला, ती परत बसली. "पळा," ती म्हणाली. "पळा रं माझ्या वाघांनो!"

०

वखारीच्या अंगणात, फरशीवर, सात डबे झाकणं उघडी टाकून ओळीनं मांडले होते. मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ. फरशीवर भाकरी भाजली असती. कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर परशरामअण्णा आडवे झाले होते आणि पायाशी भरमा कानावरची विडी काढत होता.

"भरमादादा, नको!" समर्थनं झडप घालून काडेपेटीच पळवली.

उपासनानं एका दमात सगळं सांगितलं. अण्णांनी एक डोळा उघडला.

"तू मला शिकवतीस? वलं काय, सुकं काय, हे ह्या नाकाला कळतंय. माल ओलावला की ऊन द्यायाचं. माझ्या बापानं दिलं, मी दिलं."

"पण अण्णा, ही तंबाखू नाहीये!"

"वखारीत आलं की समदं तंबाखूच! जावा, खेळा जावा." डोळा मिटला.

समर्थनं आप्पांना फोन लावला. आप्पा संकेश्वरला लग्नाला गेले होते, फोन बंद. सुविधामावशीनं अण्णांशी बोलायचा प्रयत्न केला, तर अण्णांनी मोबाईल उलटा कानाला लावला, "कायबी ऐकू यीत न्हाय" म्हणाले आणि परत केला. डब्यांवरची हवा थरथरताना दिसत होती.

"आपणच उचलू!" प्रशिक म्हणाला.

"नाही. मावशीनं बजावलंय," उपासना म्हणाली. ती अण्णांकडं बघत होती. मग वर, शेडच्या पत्र्याकडं. "समर्थ, तंबाखूवाले कशाला सगळ्यात जास्त घाबरतात?"

"वळवाला. माल बाहेर आणि पाऊस आला की संपलं."

"तुझ्या घरात जोंधळे आहेत?"

समर्थच्या तोंडावर हसू पसरत गेलं. "पोतंभर!"

समर्थचं घर वखारीला लागूनच. त्याच्या जिन्यावरून हात लांब केला की शेडचा पत्रा आवाक्यात यायचा. दोन मिनिटांत प्रशिकच्या हातात सूप होतं.

टप्.

अण्णांची पापणी हलली.

टप्... टप्, टप्.

अण्णांचा उजवा पाय बाजेवरून खाली आला. डोळे अजून मिटलेलेच.

तड्! तड्‌तड्‌तड्‌तड्!

"वळीव!" अण्णा उठायच्या आधीच ओरडले. "वळीव आला! भरमा, माल भिजतोय! आत घे, आत घे!"

चाळीस वर्षांची सवय ती! आकाशाकडं बघायला फुरसत कुणाला? पत्र्यावर आवाज झाला की आधी माल उचलायचा. अण्णांनी दोन डबे छातीशी धरले, भरमानं दोन. "अलगद, अलगद!" उपासना मागून ओरडत होती, आणि अण्णा "मला शिकवू नगंस!" म्हणत खरोखरच अलगद नेत होते. दुसऱ्या फेरीत सातही डबे थंड, अंधाऱ्या आतल्या खोलीत पोचले. उपासनानं दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

अण्णा अंगणात आले. हात पुढं करून तळवा वर केला. कोरडा. वर बघितलं. आभाळ धुतल्या ताटासारखं. पत्र्यावरून घरंगळलेला एक जोंधळा त्यांच्या टकलावर पडला, उडाला आणि फरशीवर नाचला.

अण्णांनी तो उचलून नाकाशी नेला.

"समर्थ्या!"

०

मारुतीराव संध्याकाळी परतले तेव्हा अंगणात सभाच भरली होती. सुविधामावशीचा आवाज फोनवरून सगळ्यांना समजावत होता. असल्या फिल्मांनी कुठं कुठं काय काय जाळलंय ते ऐकता ऐकता परशरामअण्णांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी खिशातली दुसरी काडेपेटी काढली आणि मुकाट्यानं उपासनाच्या हातात ठेवली.

"तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

मारुतीराव झाकणावरची अक्षरं बोटानं गिरवत होते.

"आप्पा," उपासनानं विचारलं, "ह्यातलं गाणं कुणी म्हटलंय?"

"जाहिरातीवर लिहिलंय की. मिस चंपावती."

"पण आमची आज्जी म्हणते—"

"पोरांनो, लई मोठं काम केलंसा!" मारुतीराव एकदम मोठ्यानं म्हणाले. "परशराम, पोरांस्नी आईस्क्रीम आण."

आईस्क्रीम आलं. प्रशिकनं दोन खाल्ली. उपासनाचं मात्र वितळून गेलं. आप्पा आईस्क्रीमकडं नाही, उघड्या दारातून आतल्या खोलीच्या कोपऱ्याकडं बघत होते, हे तिनं पाहिलं होतं.

दोन दिवसांनी सुविधामावशी स्वतः आली. हातमोजे, मास्क, थंड पेट्या असा सगळा जामानिमा घेऊन. मारुतीरावांनी कागदावर सही केली आणि सात डबे पुण्याला गेले.

मग शाळा सुरू झाली आणि सुरू झालं वाट बघणं. मावशी अधूनमधून खबर द्यायची. दोन डब्यांतल्या पट्टीची पार भुकटी झालेली. एक डबा लगद्यासारखा घट्ट. तो सोडवायला तीन महिने. उरलेली पट्टी बोटबोटभर उलगडायची, पुसायची, फाटलं तिथं जोडायचं आणि एकेका चित्राचा नवा फोटो काढायचा. आणि ते करवतीचे दात? तोच आवाज! प्रकाशाचा किरण त्या दातांवरून गेला की पट्टी बोलायला लागते. मात्र त्यावर धूळ बसलेली असली तर तीही बोलते.

फेब्रुवारीत एका रविवारी तिनं फोन केला. तिघांनाही एकत्र घेतलं, समर्थ निपाणीहून.

"ऐका."

खरखर. कुणीतरी शिंकलं. परत खरखर. आणि मग, अगदी दबक्या आवाजात, एक पुरुष म्हणाला, "हौसा, घे!"

पुढं एक श्वास ऐकू आला, आणि मावशीनं बंद केलं.

"मावशी!!" तिघंही किंचाळली.

"पुढचं आधी तानुकाकूंनी ऐकायचं. पण ऐकलंत ना? गाणं सुरू करायची खूण! माइकनं पकडली, आणि कापायला कुणाच्या लक्षात आलं नाही."

"म्हणजे सिद्ध झालं!" प्रशिक नाचायला लागला. "लाव सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर पणजीचं नाव!"

"कुणीतरी कुठल्यातरी हौसाला काहीतरी घ्यायला सांगितलं, एवढंच सिद्ध झालं. पाणी घे, पान घे, काहीही. आणि मी पडले तुमच्या आईची मैत्रीण. मी नाव घातलं तर लोक म्हणतील, ओळखीतलं म्हणून घातलं. ज्यांच्या घरचा सिनेमा, त्या घरातल्या कुणीतरी सांगायला हवं."

समर्थ मग म्हणाला, "आप्पांना ठाऊक आहे. नक्की. मी विचारलं की ते मला दुकानात पाठवतात. ह्या महिन्यात अकरा वेळा साखर आणलीय मी!"

तिघांनी मिळून पत्र लिहिलं. मारुतीरावांनी ते दोनदा वाचलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बघू." आणि समर्थला साखर आणायला पाठवलं.

०

पुढच्या मे महिन्यात 'रत्नप्रभेचा शेला' पुन्हा लागला. वखारीतच! मंगल कार्यालयाचं काम मारुतीरावांनी लांबवलं होतं. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. खिडक्यांना पोती लावून दुपारीच अंधार केलेला. दाराशी परशरामअण्णा प्रत्येकाचे खिसे चाचपत होते.

"अण्णा, आता तो कॉम्प्युटरवरनं दाखवणार आहेत. पेटत नाही!"

"गप्. काडेपेटी काढ."

तानुबाईआज्जी पहिल्या रांगेत. एका बाजूला उपासना, एका बाजूला आई.

पडदा उजळला. राजा आला, प्रधान आला. राजानं तलवार उपसली आणि शिंकला. अख्खी वखार हसली. ऋषी शिंकला तेव्हा तर टाळ्याच पडल्या! मधेच चित्रं उड्या मारत होती. दोन डब्यांची कथा तर गायबच, त्यामुळं राजकन्येचं लग्न कधी झालं ते कुणाला कळलं नाही. कुणाची तक्रारही नव्हती.

मग मिस चंपावती झोपाळ्यावर बसल्या. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हौसा, घे!"

आणि आवाज आला.

तो गोड नव्हता. भरदार होता, सरळ होता. शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसा, कुणाला न भिता सुटलेला. मिस चंपावतींचे ओठ त्याच्या मागं मागं धावत होते आणि दर ओळीला थोडे उशिरा पोचत होते. वखारीत कुणी हसलं नाही.

आज्जी रडली नाही. तिची बोटं मांडीवर हलायला लागली. पान नाही, तंबाखू नाही, तरी गाण्याच्या ठेक्यावर ती रिकाम्याच विड्या वळत होती.

"अशी हुती व्हय," ती म्हणाली. "अशी हुती."

दिवे लागले. भाषणं झाली. गावातल्या मोठ्या पाहुण्यांनी तिघांना पुढं बोलावून नारळ दिले, पाठी थोपटल्या. "ही पोरं नसती तर आपण आपल्या हातानं आपला ठेवा जाळला असता!" परशरामअण्णांनी मान खाली घालून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. सुविधामावशीचा सत्कार झाला. तिचे डोळे लाल होते, आणि ते खकाण्यामुळं असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

"आणि शेवटी," पाहुणे म्हणाले, "ज्या कुणा अज्ञात गायिकेचा आवाज आज आपण ऐकला, तिलाही आपण वंदन करूया."

खुर्च्या करकरल्या. जुन्या माणसांनी आपापल्या पायांकडं बघितलं. उपासना उठायला लागली तशी आईनं तिचं मनगट धरलं. "राहू दे, उपा. आज चांगला दिवस आहे."

"अज्ञात नाहीये ती!" प्रशिकचा आवाज मागून आला. "तिचं नाव पण ऐकलंत ना सगळ्यांनी!"

"बाळा, बस खाली," कुणीतरी म्हणालं.

"नको. त्येला बसवू नका."

मारुतीराव उभे राहिले होते. कुणीतरी माइक पुढं केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. ते चालत पहिल्या रांगेपर्यंत आले आणि आज्जीसमोर थांबले.

"तानुबाई, मी धा वर्साचा असताना माझ्या वडलांनी मला आतल्या खोलीतला त्यो कोपरा दाखवलाता. म्हणाले, हितं कनात हुती, हितं हौसा हुबी ऱ्हायची. मी इचारलं, म्होरं का न्हाय हुबी केली? तर म्हणाले, जा, खेळाय जा." त्यांनी घसा साफ केला. "सत्तर वर्सं झाली, मी खेळायलाच गेलोय."

मग मारुतीराव खुर्च्यांच्या रांगांकडं वळले.

"त्यो गळा हौसाबाईंचा हाय. आनि त्यास्नी मागं हुबी केली ती त्यांच्या जातीमुळं. आमच्या घरानं."